गुरुजींच्या दारावरची चिरी

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं वाचताना कोणाचा भलता समज व्हायला नको. लोक आत्मकथनात आपण तरुणपणी किती धीट होतो ते लिहितात. मी लहानपणी पालीला भ्यायचे, मोठी झाल्यावर माणसांना भ्यायला लागले आणि आता या वयात दवाखान्यातल्या रिपोर्टांना भिते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. फक्त माझ्या बाबतीत तो ब्रह्मराक्षस मीच माझ्या हातानं, वाटीत गेरू कालवून, दुसऱ्यांच्या दारांवर काढला होता. एवढी वर्षं हे कोणाला नीट सांगितलं नाही. मुलांना अर्धंमुर्धं माहीत आहे, नवऱ्याला त्यातलंही अर्धं.

मी तेव्हा डिझाईनच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. कॉलेज दूर, मोठ्या शहरात. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक मोठं काम एकट्यानं उभं करायचं, त्याला थेसिस म्हणायचे, आणि काम सुरू करण्याआधी त्याचा आराखडा मॅडमकडून मंजूर करून घ्यायचा. बाकीच्या मुलींनी खुर्च्या घेतल्या, कपडे घेतले, मोबाईलची ॲपं घेतली. मी घेतली एक भाषा, तीही कुठं नसलेली. सादोळ नावाचं एक गाव मी मनानंच वसवलं. तिथली माणसं बोलतात-बिलतात सगळं, पण दारात उभं राहून जे सांगायचं असतं ते तोंडानं सांगत नाहीत; ते चौकटीवर खूण काढून सांगतात. घरात आजारी आहे, घरात भांडण झालंय, इथं पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, इथं थांबू नका. प्रत्येक खूण एका उभ्या रेघेपासून सुरू व्हायची, कपाळावर रेघेसारखं कुंकू लावतात तशी, म्हणून भाषेचं नाव ठेवलं चिरी. रेघेच्या डावीकडं घरातल्या माणसांची गोष्ट, उजवीकडं दारात आलेल्याची. ठिपका म्हणजे मागणं, अर्धगोल म्हणजे भांडं, आडवा फटका म्हणजे नकार. अशा चाळीसेक खुणा वहीत झाल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर मी तिचा अर्थ बारीक अक्षरात लिहून ठेवला होता.

हे खूळ कुठून आलं ते मला पक्कं माहीत आहे. आई नांदेडला आरोग्य खात्यात होती. पोलिओच्या डोसाच्या वेळी ती गल्लोगल्ली फिरायची आणि प्रत्येक दारावर खडूनं खूण करायची. सुट्टीत मी तिच्या मागं मागं जायचे. "पी लिवलं म्हंजे या घरातल्या समद्या लेकरांना डोस झाला," ती सांगायची, "अन् फुली म्हंजे कुणीतरी राह्यलंय, पुन्यांदा यायचं." घरातल्या माणसांना त्या खुणा वाचता यायच्या नाहीत, पण त्या त्यांच्याच दारावर, त्यांच्याच घराबद्दल असायच्या. मला त्याचं लई नवल वाटायचं. आणि दुसरं कारण, ते आता सांगायला लाज नाही. कॉलेजात मी तोंड उघडलं की मुली हसायच्या. 'न्हाई' म्हणाले की हसायच्या, 'काय करून राहिलीस' म्हणाले की एकमेकींकडं बघायच्या. दोन वर्षं मी जवळजवळ मुकीच राहिले. मुक्या माणसाला न बोलायची भाषा सुचली, यात कसलं आलंय मोठं संशोधन!

मॅडमनी आराखडा दोनदा परत केला. दुसऱ्या वेळी फोनवर म्हणाल्या, "खुणा छान आहेत गं, पण हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. खऱ्या दारावर खरी माणसं याचं काय करतात ते दाखव. त्यांना आधी सांगू नकोस, नाहीतर ती तुला बरं वाटेल तसं वागतील." दहा दिवसांत तिसरा आराखडा द्यायचा, तोही परत आला तर वर्ष गेलं. मी नांदेडच्या आमच्या दोन खोल्यांत भिंतभर कागद चिकटवून बसले होते. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्याबरोबर यायचं, मग बाबांच्या सायकलची साखळी वाजायची. ते एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते, हाताला कायम काळं ऑईल. एक दिवस सुशीला खाता खाता त्यांनी भिंतीकडं बघितलं. सुशीला म्हणजे आमच्याकडचा मुरमुऱ्यांचा नाष्टा, आई त्यात शेंगदाणे मूठभर जास्त टाकायची. "नसलेल्या गावची नसलेली भाषा," बाबा म्हणाले, "मंग मार्कं बी नसलेलेच देतेल का?" आई हसली. मी रडले. तेव्हा बाबा गडबडले आणि म्हणाले, "असं कर, आत्याकडं जाऊन ये. खेड्यात दारं बी जुनी हायेत अन् माणसं बी साधी हायेत." बाबांचं आयुष्यातलं सगळ्यांत चुकीचं वाक्य हेच असेल.

आत्याचं गाव जळकोटपासून आत आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिची नातवंडं अजून तिथंच राहतात. बौद्धवाड्यातलं शेवटचं घर तिचं, कुडाच्या भिंतीला खालून गेरूचा पट्टा, चुलीवर येसराची, भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची, आमटी रटरटतेय, आणि आत्या भाकरी थापता थापता जगाला शिव्या देतेय. मामा, म्हणजे आत्याचे मालक, ग्रामपंचायतीचा नळ सोडायचे. गावाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि कुठल्या गल्लीचा वॉल कधी फिरवायचा ते मामांच्या हातात. हातात म्हणायचं एवढंच. ती नोकरी पंचायतीच्या मर्जीवर होती आणि पंचायत गावातली होती. मामा कोणाशी चढ्या आवाजात बोललेले मी ऐकले नाहीत. सोयाबीन काढणीचे दिवस होते. दुपारी गावात चिटपाखरू नसायचं.

आत्याला मी म्हणाले, "कॉलेजचं काम हाय, दारावर नक्षी काढायची." तिला वाटलं तिच्याच दारावर. "काढ की मग, बोडक्या दाराला तेवढीच शोभा." तिच्या चौकटीवर मी पहिली चिरी काढली: 'इथं भूक विचारतात.' काडी चेचून ब्रश केला होता, गेरू छान बसला. मग वाटी घेऊन मी गावात शिरले. पंधरा-सोळा दारं. कुठं 'इथं हसू ऐकू येतं', कुठं 'इथली म्हातारी वाट बघते'. जे लहानपणापासून सुट्टीत येऊन बघितलं होतं ते लिहीत गेले. दोन दिवस लोक काय करतात ते बघायचं, तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगून मोकळं व्हायचं, असा बेत.

आणि मग गुरुजींचं दार आलं. गुरुजी म्हणजे गावचे निवृत्त मास्तर. सगळ्या गावाला त्यांनी शिकवलेलं, आमच्या वाड्यातल्या पोरांनाही. शाळेत कोणाला वेगळं बसवलं नाही, कोणाला मारलं नाही, आत्याच्या थोरल्याची स्कॉलरशिपची तयारी तर स्वतः करून घेतली. पण मी नऊ-दहा वर्षांची असताना भर उन्हात खेळून त्यांच्या ओट्याशी पाणी मागितलं होतं. त्यांच्या बायकोनं तांब्या आणला, मला खाली उभं केलं आणि वरून ओंजळीत धार सोडली. गुरुजी ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली, बघितलं आणि परत पेपरात घातली. पाणी कोपरावरून ओघळत होतं ते मला अजून जाणवतं. तर त्या दारापुढं मी उभी राहिले आणि हातानं आपोआप काढलं: उभी रेघ, उजवीकडं ठिपका, त्याखाली अर्धगोल, त्याच्यावर आडवा फटका. इथं पाणी मागू नये. फोटो काढला आणि पुढं गेले. मला त्या वेळी फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

संध्याकाळी माणसं रानातून परत आली आणि घोळका जमायला लागला. कोणी म्हणालं पोलिओवाले आले असतील, कोणी म्हणालं जनगणनेचे. "खडू न्हाई हा, लाल हाय," कोणीतरी बोललं, आणि तिथून सगळं फिरलं. दिवेलागणीपर्यंत एका पोरानं दाराचा फोटो मोबाईलच्या ग्रुपवर टाकला होता, आणि सकाळी तोच फोटो चार गावं फिरून परत आला तेव्हा त्याच्याखाली लिहिलेलं होतं: लेकरं पळवणारी टोळी, ज्या घरावर खूण त्या घरावर नजर, सावध राहा. मी ते आत्याच्या धाकट्या सुनेच्या मोबाईलवर वाचलं. बाहेर कुणीतरी आपल्या लेकराला हाक मारत होतं, ती नेहमीची हाक नव्हती. अंगणवाडीत एकही पोर गेलं नाही. बापये रानात जायचे थांबले, काठ्या घेऊन स्टँडपाशी बसले.

आत्या गावातून पिठाची पाटी घेऊन आली, दार लोटलं आणि माझ्याकडं बघत राहिली. "मित्रे, तूच की न्हाई?" माझं नाव संघमित्रा, घरात मित्रा. मी मान हलवली. "आगं माय माझे!" ती मटकन खाली बसली. "काय करून बसलीस वं!"

"मी जाऊन सांगते, आत्या."

"गप ऱ्हा! काय सांगतीस? आमच्या वाड्यातल्या पोरीनं समद्या गावच्या दारावर लाल रेघोट्या मारल्या म्हणून सांगतीस? मामाचं काय हुईल? पोरांचं काय हुईल? तू जाशील आठ दिसांनी, आमाला हितंच ऱ्हायाचंय." मग जरा थांबून, "पुसायला बी जाऊ नकोस. कोणी बघितलं तर तिथंच काठ्या घालतेल. दोन दिसांनी विसरतेल लोकं."

मला हे ऐकून हायसं वाटलं. खरं सांगते, हायसं वाटलं. आत्याच म्हणते गप राहा, मग मी गप राहिले. आतल्या खोलीत धान्याच्या पोत्यांमागं जाऊन बसले, वही पोटाशी धरून.

साधारण दहाला ती आरोळी आली. "टाकीऽऽ लावायची काऽऽ, पाट्याला, जात्याला!" दगडाला टाकी लावणारी माणसं वर्षातनं एकदा त्या भागात फिरायची. पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की छिन्नीनं ठोकून त्याला परत दाणा आणायचा, हा त्यांचा धंदा. बाई पाठीवर पिशवी घेऊन पुढं, नवरा मागं. देगलूरच्या पलीकडची, बोली तेलुगूत मिसळलेली. आरोळी दोनदा ऐकू आली, तिसऱ्यांदा अर्ध्यात तुटली.

मामा धावत आले. एवढा भेदरलेला माणूस मी परत बघितला नाही. "धरलं दोघांला," ते म्हणाले. "पिशवी उपडी केली. छिन्न्या निघाल्या, हातुडा निघाला अन् गेरूचा खडा निघाला." ती माणसं दगडावर आधी गेरूनं रेघ मारून घेतात आणि मग ठोकतात, हे गावातल्या प्रत्येक बाईनं आपल्या अंगणात बघितलेलं होतं. पण भ्यालेल्या माणसाला बघितलेलं आठवत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिली होती. आता ती पंचायतीच्या कट्ट्यावर चालली होती आणि चोर पोत्यांमागं बसला होता.

आवाज येत होते. आधी गलका, मग काठीचा आवाज, तो वेगळा कळतो. मग बाईचं ओरडणं. "कोट्टकंडी अय्याऽऽ, कोट्टकंडी!" आमच्या नांदेडच्या गल्लीत धर्माबादकडची एक बाई राहायची, तिचा नवरा पिऊन आला की ती हेच म्हणायची, म्हणून मला अर्थ माहीत होता: मारू नका हो. गावाला तो माहीत नव्हता. गावाला वाटत होतं ती साथीदारांना काहीतरी खुणावतेय. मी कानांवर हात ठेवले. किती वेळ, ते सांगता येत नाही. पुष्कळ वेळ. तेवढ्यात त्या माणसाच्या उजव्या मनगटावर काठी बसली होती, हे मला नंतर कळलं. छिन्नी धरायचा नव्हे, हातोडा मारायचा हात.

मी उठले नाही. इथं मी उठले असं लिहिलं तर चालण्यासारखं आहे, आत्या आता नाही, मामा नाहीत, खोटं म्हणायला कोण येणार? पण मी उठले नाही. आत्या परातीत पीठ मळत होती. तिनं हात थांबवला, पीठ तसंच बोटांना, आणि म्हणाली, "ऊठ."

"आत्या, तूच म्हणालीस की..."

"म्हणाले व्हते. आता म्हणते ऊठ. मरंल तो माणूस." तिनं पदर डोक्यावर घेतला, माझ्या पोटाशी धरलेली वही ओढून आपल्या काखेत घातली आणि माझं मनगट धरलं. मामा म्हणाले, "आगं, नळाचं..." ती म्हणाली, "नळाचं नळ बघंल." मी गेले नाही, मला नेलं.

कट्ट्यावर दोघांना खांबाला टेकवून बसवलं होतं. माणसाच्या कानामागून रक्त येत होतं. आणि त्यांच्यासमोर, दोन्ही हात पसरून, गुरुजी उभे होते. टोपी कुठंतरी पडली होती, एक चप्पल पायात नव्हती. "आधी मला मारा," ते ओरडत होते, "पोलिसांना फोन केलाय मी, येऊ द्या त्यांना! मी शिकवलं का रं तुमाला हे?" वर्गात खडू पडला तरी दचकणारा तो माणूस. त्यांना बघून मला धीर यायला हवा होता. उलट मी आत्याच्या पाठीमागं सरकले, कारण तेवढ्यात मला आठवलं की त्यांच्या दारावर मी काय लिहिलंय.

आत्या म्हणाली, "त्यास्नी सोडा. खुणा माझ्या भाचीनं काढल्यात. कॉलेजच्या अभ्यासाच्या हायेत." मग कोणीतरी हसलं. "वाचवायला आली व्हय! ही शेरातली पोरगी कशाला दारं रंगवील?" एक जण म्हणाला, "का टोळीत ही बी हाय?" आणि दोन-चार माणसं आमच्या बाजूला सरकली. गुरुजी म्हणाले, "थांबा. पोरी, काढून दाखव."

त्या दगडवाल्या बाईच्या पिशवीतला गेरूचा खडा जमिनीवर पडला होता. तो मी उचलला आणि कट्ट्याच्या फरशीवर रेघ मारली. रेघ नागमोडी आली, अर्धगोल भलतीकडंच गेला. "हे न्हाई तसं!" मागून आवाज आला. "खोटं बोलती!" हजार वेळा काढलेली माझी स्वतःची भाषा मला लिहिता येईना. आत्यानं काखेतली वही काढली आणि गुरुजींच्या हातात दिली.

आत्याला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, वहीत चित्रं आहेत, चित्रं जुळली की झालं. चित्रांशेजारी मराठीत अर्थ लिहिलेत, हे तिला कुठून कळणार? मला ओरडायचं होतं, पण काय ओरडणार? गुरुजींनी चष्मा लावला. एकेक पान उलटायला लागले. लोक खांद्यावरून डोकवायचे, "ही आमच्या दारावरची," "ही सखूकाकूच्या," म्हणायचे आणि गुरुजी मोठ्यानं अर्थ वाचून दाखवायचे. "इथं हसू ऐकू येतं." ज्याचं घर तो माणूस ओशाळला, काठी खाली टेकवली. "इथली म्हातारी वाट बघते." दुसऱ्यानं नाक पुसलं. एकेका अर्थानं एकेक काठी खाली येत होती, आणि मी पानं मोजत होते. सातव्या पानावर ती खूण होती.

गुरुजी सातव्या पानावर आले. वाचायचे थांबले. त्यांचा अंगठा त्या ओळीवर होता, मला तो स्पष्ट दिसत होता, नखात शाईचा डाग. कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, तुमच्या दारावरची हीच की. काय लिवलंय?" गुरुजींनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. तो माणूस आता वाचतो की काय, वाचला तर हे चाळीस जण आपल्याला आणि आत्याला जिवंत ठेवतात की काय, आणि नाही वाचला तर हे पाप कुठं फेडायचं, हे सगळं माझ्या मनात एकदम आलं. "तू सांग, पोरी," ते म्हणाले. "तुझ्या तोंडानं सांग. काय लिहिलंस माझ्या दारावर?"

मी म्हणाले, "इथं... इथं जाणता माणूस राहतो."

गुरुजी पानाकडं बघत म्हणाले, "हां. तेच लिहिलंय." आणि वही मिटली.

त्यानंतर सगळं लवकर आटपलं. लोक पांगले. एक-दोघांनी मला शिव्या दिल्या, एक बाई म्हणाली शिकून शानी झाली न् गावाला येड्यात काढलं. खरंच होतं ते. गुरुजींनी रिक्षा बोलावून त्या दोघांना जळकोटच्या दवाखान्यात पाठवलं, बरोबर स्वतः गेले. निघताना ती बाई माझ्यासमोर आली. मी हात जोडले, तेलुगूत काय म्हणायचं ते मला येत नव्हतं, मराठीत म्हणाले, चुकले. तिनं माझ्या मुठीतला गेरूचा खडा काढून घेतला, पदराला पुसला, पिशवीत टाकला आणि रिक्षात बसली. त्या माणसाचा हात पुन्हा दगडावर चालला की नाही, मला माहीत नाही. पुढं दोनदा मी देगलूरकडं चौकशी केली. नाव-गाव विचारून न घेतलेल्या माणसाची चौकशी कशी करणार?

पोलीस आले तोवर कट्टा रिकामा झाला होता. मामांच्या नळाच्या चाव्या चार दिवस दुसऱ्याकडं होत्या, मग गुरुजींनी शब्द टाकला आणि परत आल्या. मी दुपारभर बादली आणि चिंधी घेऊन दारं पुसत फिरले, मामा मागं मागं. गुरुजींच्या दाराशी गेले तर त्यांची बायको म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ह्यांनी पुसू नको म्हणून सांगितलंय." पुढच्या दिवाळीला आत्या फोनवर म्हणाली की गुरुजींनी ती खूण ऑईलपेंटनं पक्की करून घेतलीय.

माझा आराखडा मंजूर झाला. मॅडमना सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तुला असं करायला सांगायला नको होतं." थेसिसचं पुस्तक झालं, त्यात चिरीचा कोश होता, आणि सातव्या पानावरच्या खुणेसमोरची जागा मी कोरी सोडली. परीक्षकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, याचा अर्थ अजून ठरायचाय. त्यांना ते फार आवडलं. लोकांना काय आवडेल सांगता येत नाही.

त्या वेळी आत्याच्या गावाहून निघायच्या दिवशी मी बसला चालले होते. आत्या आणि मामा पुढं, मी बॅग घेऊन मागं. गुरुजी ओट्यावर बसले होते, हातात पेपर नव्हता. आम्ही समोरून जाताना ते उठून उभे राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "संघमित्रा, ये. पाणी पिऊन जा." दारात त्यांची बायको उभी होती. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली होती. आत्या थांबली, पण मागं वळून बघेना. मला तहान लागली होती. ऊन होतं, घशाला कोरड होती, आणि मी इतकी भ्याले होते, त्या काठ्यांना भ्याले नव्हते एवढी, की मी म्हणाले, "नको गुरुजी, बस चुकंल." बस यायला अजून अर्धा तास होता, ते त्यांनाही माहीत होतं. "बरं," ते म्हणाले आणि खाली बसले.

पुढं तीन वर्षांनी गुरुजी गेले. ते पाणी त्या दिवशी कशातून आलं असतं, पेल्यातून की वरून, ते मी कधीच बघितलं नाही.